नुसतं उभं राहायचं काम

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बाकीची सगळी खाती बायकोकडे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, ती शाळा तपासणीची सांगा ना," आणि मी पान लावून सुरू होतो. माझ्या सगळ्या गोष्टींत मी आधी वेंधळा असतो आणि शेवटी थोडा शहाणा होतो. ही गोष्ट मात्र मी कधी रंगवून सांगितली नाही. हिच्यात मी पहिल्यापासून शहाणा आहे, आणि तीच अडचण आहे. वेंधळ्या माणसाला लोक माफ करतात.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी आता कॉलेजात जाते. तिला विचारूनच लिहितोय. "लिहा, पण नाव नको," एवढंच म्हणाली. म्हणून मग कोणाचंच नाव नाही.

मी हडपसरच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. राहतो कात्रजला, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग स्वारगेटला बस बदलण्यात गेलेला आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं.

"सर, नववीला आठवड्यातून एक तास. विषय, विविधता आणि भेदभाव. डिसेंबरात पालकांसमोर कार्यक्रम करायचा. तुम्ही घ्याल ना? तुमचं बोलणं छान असतं."

बोलणं छान असतं म्हटलं की मी कशालाही हो म्हणतो. लग्नही तसंच जमलंय.

पहिल्या तासाला मी जय्यत तयारीनं गेलो. पाकळ्यापाकळ्यांचं फूल काढलेला तक्ता भिंतीवर लावला आणि विचारलं, "भेदभाव म्हणजे काय? कोण सांगेल?"

पहिल्या दोन बाकांवरचे नेहमीचे हात वर झाले. मी त्यातल्या एकाला उठवणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, तुम्ही आत्ता करताय तेच."

वर्ग हसला, मीही हसलो. किती हजरजबाबी मुलं, असं स्टाफरूममध्ये सांगितलं. मागच्या बाकावर कोण बोललं ते मात्र मी मान उंचावून पाहिलं नाही.

ती मुलगी दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची. मुसलमान. बघा, पहिलं वाक्य हेच आलं. तिच्याबद्दल खरं तर आधी हे सांगायला हवं की नववीच्या दोन्ही तुकड्यांत मिळून तिच्याइतकं स्वच्छ मराठी कोणी बोलत नव्हतं. उत्तर द्यायला उठली की वर्ग गप्प व्हायचा. तिच्या वडिलांचं पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान, त्यांच्या वडिलांचंही तेच. आई पोस्टात खिडकीवर. घर चार पिढ्या पुण्यातलं. माझे वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी आले, म्हणजे पुणेकरपणात मी तिच्या दोन पायऱ्या खाली. पण पहिल्या पालकसभेला तिची आई समोर येऊन बसली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आइए, बैठिए. आपकी बेटी बहुत होशियार है."

बाईंनी पर्स मांडीवर ठेवली. "धन्यवाद. आपण मराठीत बोललात तरी चालेल. मला येतं."

हे मी घरी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. बायको हसली नाही, पण ती माझ्या गोष्टींना तशीही क्वचितच हसते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

तर डिसेंबरचा कार्यक्रम. त्यात भाषणं, एक नाटुकलं आणि शेवटी 'विविधतेत एकता' असा देखावा. हा देखावा आमच्या शाळेत वर्षानुवर्षं चालत आलाय. मुलं वेगवेगळे वेश करून स्टेजवर अर्धगोलात उभी राहतात, मागे तिरंगी पडदा, आणि बाजूनं निवेदन चालतं. पोळपाट-लाटणं हातात घेतलेली कोळीणही मी या देखाव्यात पाहिली आहे, कारण ऐन वेळी मासळीची टोपली मिळाली नव्हती. देखाव्यातला मुसलमान दरवर्षी एखादा देशपांडे किंवा जाधव असायचा, हनुवटीला चिकटवलेला कापूस घामानं सुटून छातीवर लोंबत असायचा.

मी स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "या वर्षी कापसाची गरज नाही. आपल्याकडे खरी आहे."

सगळ्यांना कल्पना आवडली. चित्रकलेचे सर म्हणाले, "वा! ऑथेंटिक!"

मी वर्गात जाऊन वेश वाटून टाकले. यवतमाळकडून आलेली एक मुलगी होती, वडील इथे कारखान्यात. तिला म्हणालो, "तू विदर्भ. दोन संत्री घेऊन उभी राहा."

"सर, आमच्याकडे संत्रं नाही होत. कापूस होते."

"अगं, लोकांना संत्रं कळतं."

मग खिडकीशी वळलो. इथे एरवी अखंड चालणारी माझी जीभ अडखळली. "आणि तू बेटा, ते तुमच्यात... ते घालतात ना... ते घालून ये."

"बुरखा?" तीच म्हणाली.

"हां. तेच."

"सर, आमच्याकडे नाहीये. आई घालत नाही. आजीपण नव्हती घालत."

"मिळेल की गं कोणाकडे तरी! नातेवाईक असतीलच."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी. हातात फुलस्केपची चार पानं. अक्षर असं की छापायला द्यावं. तिनं अख्ख्या कार्यक्रमाचं निवेदन लिहून आणलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. पानं तिनं माझ्या हातात दिली.

"सर, मला सूत्रसंचालन करायचंय. पाठ पण केलंय. म्हणून दाखवू?"

आता मी काय म्हणायला हवं होतं हे आठवीतलं पोरही सांगेल. म्हण बाळ. बस, दोन शब्द. पण माझ्या डोळ्यांपुढे देखावा होता, आणि त्यात कापसाविना उभी असलेली खरी मुलगी होती.

"अगं, पण तू तर स्टेजवरच आहेस!"

"त्यात बोलायचं नाहीये ना, सर. नुसतं उभं राहायचंय."

आणि मी ते वाक्य बोललो. बोलतानाच मला ते इतकं आवडलं की स्वारगेटपर्यंत बसमध्ये मी ते मनात घोळवत होतो. मी म्हणालो, "बेटा, तुझं नुसतं उभं राहणंच केवढं बोलतं!"

पानं परत घ्यायला तिनं हात पुढे केला, तर मी म्हणालो, "राहू दे, बघतो."

बघितली. निवेदन उत्तम होतं. इतकं उत्तम की मी लाल पेननं दोन-चार ठिकाणी खुणा केल्या, एक वाक्य खोडलं आणि पानं सूत्रसंचालनासाठी निवडलेल्या मुलीला देऊन टाकली. ती मुलगी चांगलीच होती, तिचा काही दोष नाही. दरवर्षी सूत्रसंचालन तिच्याचकडे असायचं, तिच्या मोठ्या बहिणीकडेही असायचं, तिची आई पालक संघात होती. आवाज गोड. सवयीनं कुणाला तरी काही देत राहिलं की आपण निवड करतोय हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही. मी भेदभावाचे अठरा तास घेतले होते तोवर, आणि हे लक्षात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. मी प्रेक्षकांत कडेच्या खुर्चीवर बसलो, म्हणजे मुलं चुकली तर हातवारे करता येतील. योगायोगानं पुढच्या रांगेत तिरकी, मला बाजूनं दिसेल अशी, तिची आई बसली होती. पोस्टातून अर्धी रजा काढून आली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

पडदा उघडला. अर्धगोल. कोळीण, धनगर, लुगड्यातली आजी, हातात संत्री घेऊन रागानं उभी असलेली विदर्भ. आणि उजवीकडून दुसरी, काळ्या बुरख्यात, ती. तिला तो लांब होत होता. पाय अडखळू नये म्हणून तिनं एका हातानं कापड किंचित उचलून धरलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून हात मागे नेला होता. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "ही खरंच त्यांच्यातली आहे बरं का." मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

निवेदन सुरू झालं. गोड आवाजात, ठरलेल्या जागी थांबत. मी समाधानानं हॉलभर नजर फिरवली आणि ती तिच्या आईवर येऊन थांबली.

बाईंचे ओठ हलत होते.

आधी मला वाटलं, प्रार्थना वगैरे म्हणत असतील. मनाची झेप बघा कुठे जाते. मग ऐकू आलं, म्हणजे दिसलं, की माइकवरून शब्द यायच्या जरा आधी तो बाईंच्या ओठांवर येत होता. एकेक वाक्य. "आपल्या शहराला नद्या दोन आणि मतं असंख्य." माइक म्हणाला, त्याच्या आधी बाई म्हणाल्या. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांची नजर निवेदन करणाऱ्या मुलीकडे नव्हतीच. स्टेजवर बुरख्यात गप्प उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघत त्या ते सगळं म्हणत होत्या, लहान मूल कविता म्हणताना आई पुढची ओळ तोंडातल्या तोंडात पुरवते ना, तशा. आणि तिकडून, ते दोन डोळेच दिसत होते, ती आईकडे बघत होती.

एका जागी बाईंचे ओठ हलत राहिले आणि माइक पुढच्या परिच्छेदावर गेला. मी खोडलेलं वाक्य तिथे होतं.

त्या क्षणी मला हॉलमधून उठून जावंसं वाटलं, पण मी कडेला बसलो होतो ते हातवारे करायला, आणि विदर्भाच्या हातातलं एक संत्रं खाली पडलं होतं. तेव्हा मी हातवारे केले.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी मला गुलाबाचं फूल दिलं. ते हातात धरून मी दारात उभा असताना त्या मुलीच्या आई समोर आल्या. मी म्हणालो, "छान झाला ना कार्यक्रम?"

"हो. निवेदन फार छान होतं."

"ती मुलगी तयारीचीच आहे."

"लिहिलेलंही छान होतं."

"हो... ते... मुलांनीच..."

"मला पाठ आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिवस स्वयंपाकघरात ऐकतेय. कुकरच्या शिट्टीला थांबायची आणि पुढे सुरू." मग गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकत, "सर, बुरख्यात वाईट काही नाही. माझी नणंद आवडीनं घालते, तिचाच आहे हा. पण तिला तो घालावासा वाटतो म्हणून ती घालते. हिला तुम्ही विचारलंत का?"

मी काहीतरी बोललो असणार. काय, ते आठवत नाही, म्हणजे बोलण्यासारखं नसणार.

"येते. नणंदेला उद्या बाहेर जायचंय, आज धुऊन वाळायला हवा," म्हणाल्या आणि गेल्या. मी फूल हातात घेऊन तिथेच.

त्या दिवशी जेवताना लेकीनं विचारलं, "बाबा, हाऊ वॉज द शो?" मी सवयीनं गोष्ट सुरू केली. संत्रं पडलं ते सांगितलं, दोघी हसल्या. टाळ्या सांगितल्या. आईचे ओठ गाळले. पण गोष्ट लंगडत होती हे बायकोला कळलंच.

"निवेदन कोणी लिहिलं होतं?" तिनं भाजी वाढता वाढता विचारलं.

"मुलांनी."

"कोणत्या?"

मग सांगावं लागलं. सगळं. 'तुझं नुसतं उभं राहणंच केवढं बोलतं'सुद्धा सांगितलं. लेकीनं कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा! सीरियसली? हे तू बोललास? तोंडानं?"

"मला वाटलं..."

"आणि बेटा काय? मला कधी बेटा म्हणालास तू? मला कार्टे म्हणतोस!"

ते खरं होतं. वर्गात मी मुलींना बाळ म्हणतो, रागावलो की महामाये म्हणतो. बेटा एकटी तीच होती. प्रेमानंच म्हणत होतो हो. पण तिच्याशी बोलताना माझं मराठीसुद्धा जरा बाजूला सरकून उभं राहत होतं, पाहुणे आल्यावर आपण सरकतो तसं, आणि हे मला बावन्नाव्या वर्षी माझ्या एकोणीस वर्षांच्या कार्टीनं सांगितलं.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, आता परत भाषण करू नका म्हणजे झालं."

मी भाषण केलं. सोमवारी वर्गात गेलो आणि आवाज जड करून म्हणालो, "आज मला तुमच्यासमोर एक चूक कबूल करायची आहे." चूक कबूल करतानाही समोर श्रोते लागतात मला. तिला उभं केलं. निवेदन तिचं होतं हे सांगितलं. तिच्यावर अन्याय झाला म्हणालो. भेदभाव कसा नकळत होतो याचं हे जिवंत उदाहरण आहे, असंही म्हणालो. जिवंत उदाहरण मान खाली घालून बाकाची कड नखानं खरवडत होतं. बाकीचे एकोणचाळीस जण वळून तिच्याकडे बघत होते. निवेदन करणारी मुलगी रडायला लागली. विदर्भ माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं आता संत्र्यांबद्दलही माफी मागावी लागणार, आणि खरं तर मागायलाच हवी होती.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. राग नव्हता चेहऱ्यावर. कंटाळा होता. चौदा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा कंटाळा.

"सर, मला परत असं उभं करू नका."

"नाही करणार."

"माझी पानं द्या ना."

पानं माझ्याच बॅगेत होती, कार्यक्रमानंतर परत घेतलेली, वार्षिक अंकाला पाठवायची म्हणून. वर मी 'सादरीकरण' म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव घातलं होतं आणि 'मार्गदर्शन' म्हणून माझं. तिनं ते वाचलं. मग तिसऱ्या पानावर आली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

वाक्य असं होतं: 'आमच्या वर्गात सगळ्यांना सगळ्यांची आडनावं माहीत आहेत, पण कोणाला काय येतं ते माहीत नाही.'

"हे का खोडलं, सर?"

लांबलं होतं म्हणून, असं उत्तर जिभेवर आलं होतं. आजवर कितीतरी मुलांना मी तेच उत्तर दिलंय. पण ती बघत होती.

"पालक नाराज होतील असं वाटलं."

"खोटं आहे का ते?"

"नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग तुम्ही हा तास का घेता?" उद्धटपणे नाही, खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला.

"मला सांगितलं म्हणून," मी म्हणालो. या विषयावर मी वर्षभरात बोललेलं हे बहुधा पहिलं खरं वाक्य.

पानं तिनं मला परत दिली नाहीत. घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत करून आणली, खोडलेल्या वाक्यासकट. "छापणार असाल तर ही छापा," म्हणाली. मी ती मुख्याध्यापिका बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं, दोनदा वाचलं.

"सर, हे राहू द्यायचं? लोक विचारतील."

"विचारू देत," मी म्हणालो. इथे लिहिलंय तितक्या ठाम आवाजात नव्हे. शिवाय माझं नाव मार्गदर्शनातून काढायला सांगितलं, तर बाई म्हणाल्या, मग अंकात तुमचं नाव कुठेच येणार नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाईट वाटलं. तेही सांगून टाकतो.

निवेदन छापून आलं, तिच्या नावानं, वाक्यासकट. कोणी काही विचारलं नाही. लोक अंकात आपल्याच मुलाचा फोटो शोधतात.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम माझ्याकडेच होता. या वेळी मी शहाणपणानं वागलो. वर्गात काही न बोलता, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात तिला गाठलं. विषय काय, वेळ किती, सगळं सांगितलं आणि विचारलं, "सूत्रसंचालन करशील? तुला हवं ते लिही. मी पेन लावणार नाही."

ती डबा धुऊन येत होती. हातातलं पाणी झटकत म्हणाली, "नको, सर."

"का गं? तुला आवडतं ना बोलायला?"

"खूप आवडतं." मला लागू नये म्हणून शब्द शोधत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि तेच जास्त लागलं. "पण तुमच्या कार्यक्रमात नको."

मी बरं म्हणालो. मराठीच्या बाईंनी तिचं नाव आंतरशालेय वक्तृत्वाला आधीच दिलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं विषय निवडला होता, 'हडपसरचा रस्ता ओलांडताना'. मी गेलो ऐकायला, रजा टाकून, शेवटच्या रांगेत बसलो. अडीचशे माणसांना तिनं सात मिनिटं हसवलं. त्यात धर्म नव्हता, विविधता नव्हती, भेदभाव नव्हता. एक आजी होती, एक डंपर होता आणि रस्त्याच्या मधोमध अडकलेली ती होती. तिची आई पुढे बसली होती. मी बघितलं, त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या नुसत्या ऐकत होत्या.

बक्षीस समारंभ व्हायच्या आत मी निघालो. तिनं मला पाहिलं असतं तर नमस्कार करायला आली असती, तशी वळणाची आहे. मग मीही काहीतरी बोललो असतो.